मोजे, चाळण आणि गप्प बसायच्या मात्रा

आमच्या घरात मुख्याध्यापिका, वर्गशिक्षिका आणि मधल्या सुट्टीत डबा देणारी बाई एकच होती, ती म्हणजे माझी आई. मी शाळेत जात नव्हते. आईनं दोन शाळा बघितल्या, दोन्हीकडं गणित कसं शिकवतात ते खिडकीतून ऐकलं आणि म्हणाली, "यापेक्षा मी बरी." त्यामुळं मी पोळ्यांच्या वासात अपूर्णांक शिकले आणि दुपारी भूगोलाच्या तासाला झोपले तरी मला कुणी बाकावर उभं केलं नाही. बाकच नव्हता.

एकच गोष्ट मला मिळत नव्हती. रांग. बाकीची पोरं प्रार्थनेला रांगेत उभी राहतात, एकमेकांच्या पाठीत बोटं खुपसतात, मग मार खातात, हे सगळं मला हवं होतं. आमच्या गल्लीच्या टोकाला एक शाळा होती. त्या शाळेचा बँड सव्वीस जानेवारीला वाजायचा आणि बाहेरच्या पोरांनाही त्यात घ्यायचे. मी घरात जाहीर केलं की यंदा मी त्या रांगेत उभी राहणार म्हणजे राहणार.

वाद्य अनायासे आलं. बाबांच्या ओळखीच्या एका लग्नबँडवाल्यानं बँड मोडून डीजे घेतला, तेव्हा त्याची जुनी क्लॅरिनेट आमच्याकडं आली. सुरुवातीला तिच्यातून फक्त किंकाळी निघायची. वरच्या मजल्यावरच्या काकू एकदा घाईघाईनं खाली आल्या आणि आईला विचारलं, "अहो, पोरीला मारताय का?"

शिक्षक अर्थातच आई. संगीतातलं तिला ओ का ठो कळत नव्हतं, पण तिचं म्हणणं असं की पुस्तक वाचता येणाऱ्या माणसाला काहीही शिकवता येतं. पुस्तकात पाच आडव्या ओळी होत्या आणि त्यांवर, त्यांच्या मधे, सूर बसलेले. आईनं ते पान दोन मिनिटं बघितलं, "ही तर वाळत घातलेली धुणी," म्हणाली आणि मला गच्चीवर नेलं. तिथं दोन खांबांना तिनं एकाखाली एक अशा पाच दोऱ्या ताणून बांधल्या. सगळ्यात खालची ई, मग जी, बी, डी, आणि सगळ्यात वर एफ. एका मात्रेचा काळा सूर म्हणजे काळा मोजा. दोन मात्रांचा पांढरा सूर म्हणजे पांढरा रुमाल. चार मात्रांचा मोठा, गोल, पोकळ सूर म्हणून तिनं पिठाची चाळण लटकवली.

तर अशी मी नोटेशन शिकले. रोज सकाळी आई एक ओळ वाळत घालायची आणि मी ती वाजवायची. वारं सुटलं की मोजा उडून वरच्या दोरीला अडकायचा आणि गाणंच बदलायचं. एकदा बाबा कामावर निघताना वर आले, शेवटचे दोन सूर काढले, पायात घातले आणि बँकेत गेले. मी ओरडले, "आई, बाबा गाण्याचा शेवट घेऊन गेले!" ती खालून म्हणाली, "संध्याकाळी आले की वाजव."

ठेक्यासाठी पुस्तकात एका यंत्राचं चित्र होतं, टिकटिक करणारं. आई म्हणाली, "कशाला ते? समोर फुकट चालू आहे की." समोर टॉवेलांचे यंत्रमाग होते, दिवसभर खटाक-खटाक, खटाक-खटाक. त्याच चालीवर मी शिकले. लाईट गेली की माग थांबायचा आणि मीही थांबायची, तोंडात फुंकर तशीच धरून.

आता खरी भानगड कुठं झाली ते सांगते. शाळेनं दिलेल्या कवायतीच्या गाण्याच्या कागदावर मधेमधे ओळींना चिकटलेल्या छोट्या काळ्या टोप्या होत्या. पुस्तकात लिहिलं होतं, इथं आपण गप्प बसायचं, बाकीचे वाजवतात. आई चष्मा वर करून माझ्याकडं बघायला लागली.

"बाकीचे कोण?"

"कोणीच नाही. मी एकटीच आहे."

"मग?" आईनं लाल पेन उघडलं आणि सगळ्या टोप्यांवर फराफरा काट मारली. गणितात वरखाली सारखं आलं की उडवतात ना, तस्सं. रिकामं बसणं हा आमच्या घरात गुन्हाच होता आणि समोरचा मागही लाईट असेपर्यंत थांबत नव्हता. दोघींनाही ते अगदी बरोबर वाटलं. मी गाणं घडाघडा पाठ केलं, मधे एक श्वाससुद्धा फुकट घालवला नाही.

मग निवडीचा दिवस आला. बँडमास्तर म्हणजे पिकलेल्या मिशांचे, निवृत्त झालेले, दिसायला कडक गृहस्थ. त्यांनी मला चक्क रांगेत उभं केलं. डाव्या बाजूला ट्रम्पेटवाली पोरगी, मागं एक तरतरीत पोरगा. त्यानं माझ्या पाठीत बोट खुपसलं. मला स्वर्ग दोन बोटं उरला.

मास्तरांनी हात खाली केला आणि आम्ही सुटलो. मी जी सुटले ती सुटलेच. बाकीचे अर्ध्यात होते तेव्हा माझं गाणं संपलं. मी क्लॅरिनेट खाली घेतली आणि सगळे इतके मागं कसे राहिले म्हणून मला त्यांची कीव आली.

मास्तर म्हणाले, "बाळ, तुला गाडी गाठायची आहे का?"

ढोलवाला इतका हसला की काठी पडली. मास्तरांनी माझा कागद हातात घेतला, लाल काटाकाटी बघितली. "हे कुणी केलं?"

"आईनं."

"उद्या आईला घेऊन ये."

माझ्या आयुष्यात पहिल्यांदा मला शाळेतून पालकांना बोलावणं आलं होतं. मी घरी नाचत गेले. आई मात्र इस्त्रीची साडी नेसून, ओठ आवळून निघाली.

"अहो, ती रिकामी जागा," ती मास्तरांना म्हणाली. "पोरगी रिकामी बसून काय शिकणार?"

"ताई, तिथं बाकीची पोरं वाजवतात. ही गप्प बसली तरच ती ऐकू येतील." मग मास्तर माझ्याकडं वळले. "शनिवारी परत ऐकतो. पुढं पळालीस तर यंदा राहू दे. पुढल्या वर्षी बघू."

पुढल्या वर्षी! मला नुकतं कुठं बोट खुपसलं होतं.

माझी आई चिडली की माहेरची, नातेपुत्याची होते. एरवी शुद्ध बोलते, पण त्या दिवशी सिग्नलला स्कूटर थांबवून भडकली, "मला काय ठावं! म्या काय बँडात व्हते व्हय?" शेजारचा रिक्षावाला म्हणाला, "न्हाय, ताई." आई त्याच्यावरही खेकसली.

घरी आल्यावर ती गच्चीवर गेली आणि दोरीला नुसते चिमटे लावले. मोजा नाही, रुमाल नाही, नुसता चिमटा. "मोकळा चिमटा दिसला की गप्प," ती म्हणाली आणि बाकीचा बँड व्हायला स्वतः परात घेऊन बसली. मी वाजवायची, मोकळा चिमटा आला की थांबायची, आणि आई परात बडवायची. निदान ठरलं तरी असं होतं. प्रत्यक्षात चिमटा आला की आई सुरू व्हायची, "आता गप्प. गप्प बस हं. बसलीस ना? हां, अश्शी. अजून गप्प. वाजवायचं नाही, तुला सांगून ठेवते..."

"आई, तूच बोलतेयस!"

"मी शिकवतेय!"

गप्प बसणं आम्हा दोघींना येतच नव्हतं, हे तेव्हा कळलं. बाबा म्हणाले, "मी हे पंधरा वर्षं सांगतोय," आणि लगेच खाली पळाले.

शनिवारी मी ओठ इतके घट्ट मिटून मोजलं की गाल दुखले. मास्तरांनी ऐकलं, मिशी खाजवली आणि म्हणाले, "राहा रांगेत. पण सव्वीसला पळालीस तर मी तुला ओळखत नाही."

सव्वीस जानेवारीला सांगोल्याहून आत्या मुद्दाम आली, शेळ्या जावेच्या हवाली करून. आई आणि ती मैदानाच्या कडेला कुंपणाशी उभ्या. आम्ही वाजवायला लागलो. मधे माझी सगळ्यात लांब गप्प बसायची जागा आली, चांगल्या आठ मात्रांची. मी क्लॅरिनेट खाली घेतली आणि मनात एक, दोन सुरू केलं.

तेवढ्यात कुंपणापाशी आत्याचा आवाज फुटला, "अगं ए, वाजव की! थांबलीस का? लई पोरं वाजवत्यात बघ! इसरली जणू!"

अख्खं मैदान तिकडं बघायला लागलं. माझे कान तापले. आई जोरात म्हणाली, "वन्सं, गप बसा! मोजतेय मी!" आणि मला दिसलं, आईची बोटं खरंच पदराच्या आड एकेक मिटत होती.

मग मी ऐकलं. ट्रम्पेटवाली वर चढत होती, ढोल तिच्या खालून चालला होता, आणि ते गाणं मला ठाऊक असलेल्या गाण्यापेक्षा केवढं तरी मोठं होतं. इतके दिवस मी त्यातला एक मोजा वाजवत होते, उरलेली सगळी दोरी मी कधी बघितलीच नव्हती. मला रडूच यायला लागलं. पण सातवी मात्रा झाली होती, फुंकायला दम लागणार होता, म्हणून रडणं नंतरसाठी ठेवलं. आठ झाल्या आणि मी सगळ्यांच्या बरोबर आत शिरले. मास्तरांनी माझ्याकडं बघितलंसुद्धा नाही. इतकी मी त्यांच्यातली एक होते.

नंतर आत्यानं माझ्या तोंडावरून हात फिरवला, बोटं कानशिलावर मोडली आणि आईला ऐकू जाईल असं म्हणाली, "एवढा येळ गप बसलीस गं माझी बाय! तुझ्या आयेला उभ्या जन्मात जमलं न्हाय."

मी आईकडं बघितलं. आता काही खरं नाही, असं मला वाटलं. आईनं तोंड उघडलं. मग मिटलं. आणि शपथेवर सांगते, ती गप्प बसली. मी मोजलं. पूर्ण चार मात्रा.