एकोजीचं बटण

एकोजी आमच्या गल्लीचा केबलवाला. माझ्यापेक्षा लहान, म्हणून मी त्याला अरेतुरे करते, आणि तो मला अक्का म्हणतो. कुंभकोणममध्ये आमची मराठी घरं आता विखुरली आहेत. पण या गल्लीत अजून काही दारं अशी आहेत, की उंबरा ओलांडला की आपली बोली कानावर येते आणि परत बाहेर पडलं की तमिळ. पुण्याकडची माणसं आमची बोली ऐकतात तेव्हा त्यांना म्हणे पणजीशी बोलल्यासारखं वाटतं. वाटू दे. पणजीशी तरी माणूस जरा नीट बोलतो.

शाळेनं एकोजीला लवकर सोडलं आणि त्यानं शाळेला. रेडिओदुरुस्तीच्या दुकानात तारांना कथलाचा डाग द्यायला शिकला आणि रंगीत टीव्ही घरोघर आले तेव्हा बापाच्या गच्चीवर त्यानं छत्रीएवढी डिश उभी केली. मग तारा. या गच्चीवरून त्या गच्चीवर, नारळाच्या झाडाला वळसा घालून, कोणाच्या खिडकीच्या गजाला बांधून. लोक शिव्या द्यायचे आणि संध्याकाळी सिनेमा लागला की विसरायचे. रथोत्सवाच्या दिवशी मात्र त्याचा थाट बघावा. रथाचा कळस तारांना लागू नये म्हणून हा बेचकं बांधलेला लांब बांबू घेऊन रथाच्या पुढे चालायचा, एकेक तार उचलून धरायचा आणि रथ गेला की सोडायचा. देवाला जोडलेले निम्मे हात आपल्यालाच आहेत असा त्याच्या तोंडावर भाव असे.

पण मला सांगायचं आहे ते बटणाचं.

आमच्याकडे गल्लीत कोणी गेलं की प्रेत उचलेपर्यंत शेजारच्या घरात चूल पेटवत नाहीत. कोपऱ्यावरच्या पिळ्ळैयारच्या, म्हणजे गणपतीच्या, देवळाचं दारही लावून घेतात. ही जुनी रीत. त्यात एकोजीनं स्वतःची एक भर घातली. केबल नवीनच होती तेव्हा एका रविवारी संध्याकाळी गल्लीतल्या शिवकामी आजी गेल्या. त्यांच्या सुना रडत होत्या आणि समोरच्या घरातून सिनेमातलं लग्नाचं गाणं येत होतं. ते गाणं आपणच त्या घरात सोडलंय, असं एकोजीला वाटलं. त्यानं खांबावरचा केबलचा डबा उघडला आणि आतलं बटण दाबून आमच्या गल्लीची केबल बंद केली. प्रेत घाटाकडे गेलं तेव्हाच पुन्हा चालू केली.

त्यानंतर कोणाला सांगावं लागलं नाही. गल्लीत कोणीही गेलं, श्रीमंत असो की दारोदार कापूर विकणारी विधवा असो, एकोजी जाऊन बटण दाबायचा. एकदा क्रिकेटचा अंतिम सामना चालू असताना दाबलं. माझे यजमान पाय आपटत बाहेर आले आणि कोण गेलं ते कळल्यावर खाली मान घालून उभे राहिले. एकोजीला त्या बटणाचा फार अभिमान होता. ‘आपली गल्ली माणसाचा मान ठेवते, अक्का,’ असं तो दहादा म्हणायचा.

मग ‘पंदल’ आलं. पंदल म्हणजे मांडव. महिन्याची वर्गणी भरा आणि फोनवर किंवा टीव्हीवर पाहिजे ते, पाहिजे तेव्हा बघा. आधी ते फोनच्या रिचार्जबरोबर फुकटात घुसलं. नव्याचे नऊ दिवस, असं आम्ही म्हटलं. पण दहावा दिवस उजाडला तरी ते हललं नाही. एकाच्या पासवर्डवर पाच घरं बघू लागली. कंपनीनं ते बंद केलं, तेव्हा चार दिवस कुरकुरून पाचांनीही आपापली वर्गणी भरली. दारासुरमच्या माझ्या नणंदेकडे हातमागाच्या खोलीत पंदल, स्वामीमलैच्या बसमध्ये शेजारच्या माणसाच्या हातात पंदल. पेपरात रोज त्यांचे वाढते आकडे. कानामागून आली आणि तिखट झाली, तशी गत.

आमच्या गल्लीत ते पहिल्यांदा घेतलं गोपालकृष्णनं. माझ्या भिंतीला भिंत लागून त्याचं घर. वीजमंडळातून निवृत्त झालेला, बोलका, आणि एकोजीचा लहानपणापासूनचा जोडीदार. रोज सकाळी दोघं एकाच पितळी डबऱ्यात, म्हणजे पसरट वाटीत, कापी (कॉफीला आम्ही कापीच म्हणतो) थंड करून पीत. गोपालकृष्णला नवी वस्तू मिळाली की ती गल्लीभर शिकवल्याशिवाय त्याला चैन पडत नसे. घरोघर जाऊन त्यानं पंदल लावून दिलं, कसं शोधायचं, कसं पुढे ढकलायचं सगळं दाखवलं. यात आपण मित्राच्या पोटावर पाय देतोय, हे त्याच्या डोक्यातही आलं नसावं. एकोजी त्याच्याकडचा केबलचा डबा परत न्यायला गेला तेव्हा हा हसत म्हणाला, ‘ने बाबा. उंदराला घर होईल.’

एकोजीला ते वाक्य लागलं. तेव्हापासून बोलणं बंद. सकाळची कापी बंद. गोपालकृष्णनं दोनदा माझ्यामार्फत निरोप धाडला, आणि एकोजी म्हणाला, ‘त्याला सांगा, उंदीर बरा अस्से.’ मी दोघांनाही गाढव म्हटलं. दीड वर्ष तसंच गेलं.

आणि एका शनिवारी दुपारी भिंतीपलीकडून सरोजानं, म्हणजे गोपालकृष्णच्या बायकोनं, मला हाक मारली. गेले तर तो खुर्चीत बसलेला, मान कलती. डॉक्टर स्कूटरवरून आला, नाडी बघून तसाच गेला. सरोजा रडत नव्हती. नुसती बघत होती. मुलगा कोइम्बतूरहून निघाला होता. त्याला पोचायला रात्र होणार, म्हणजे उचलणं दुसऱ्या सकाळी. गल्लीचा वॉट्सॲप गट आहे, पण त्यात टाकायचं कोणाला सुचलं नाही. मला ते येतही नाही, आणि आलं असतं तरी मरणाची बातमी अंगठ्यानं द्यायला मन झालं नसतं.

मी एकोजीकडे गेले. तो जेवून आडवा झाला होता. ‘गोपालकृष्ण गेला,’ म्हटलं. तो उठला, सदरा न घालताच बाहेर पडला. मला वाटलं मित्राच्या घरी जाईल. तो खांबाकडे गेला. डबा उघडला, बटण दाबलं आणि तिथंच उभा राहून ऐकू लागला.

त्याच्या स्वतःच्या घरातला टीव्ही बंद पडला. केबल अजून न सोडलेल्या म्हाताऱ्या महालिंगांचा बंद पडला. बस्स. बाकी गल्ली चालूच होती. पंदलवर आदल्या दिवशीच एक मालिका आली होती, सगळी गल्ली तीच बघत होती. कोणी पहिल्या भागात, कोणी चौथ्या. तेच पार्श्वसंगीत या घरातून संपत होतं आणि त्या घरातून सुरू होत होतं. एकोजीनं बटण पुन्हा वर केलं, पुन्हा खाली दाबलं. मला ते बघवेना.

आवाज गोपालकृष्णच्या घरातूनही येत होता. मघाच्या धावपळीत माझं तिकडे लक्षच नव्हतं. सरोजा दारात येऊन म्हणाली, ‘एकोजी, हें बंद कर रे. एक भाग संपला की आपला आपणच दुसरा लागतो. काय दाबायचें तें त्यांनाच ठाऊक होतं.’

दीड वर्षात प्रथमच एकोजी त्या उंबऱ्याच्या आत गेला. रिमोट हातात घेतला, उलटासुलटा केला. त्यालाही येईना, पंदलला त्यानं हट्टानं कधी हातच लावला नव्हता. शेवटी टीव्हीच्या मागे हात घालून त्यानं भिंतीतली पिनच उपटली. मग वळला तेव्हा खुर्ची समोर होती. तो खाली बसला, गोपालकृष्णचे पाय धरले आणि रडला. मोठा माणूस, उघड्या अंगानं, पोरासारखा हुंदके देत होता. मलाही आवरलं नाही.

थोड्या वेळानं बाहेर ओट्यावर येऊन म्हणाला, ‘अक्का, इतकी वर्षं मी म्हणत आलों, गल्ली मान ठेवते. गल्ली कसला मान ठेवते? मी बटण दाबत होतों म्हणून गप्प बसत होती.’

‘जाऊन सांग की,’ मी म्हटलं. ‘बटण गेलं, तोंड तर अस्से?’

‘आणि कोण्ही नाही म्हटलं तर? माझ्या गोपालला कोण्ही नाही म्हटलं तर?’

त्याचं भय मला समजत होतं. आजवर त्यानं कोणाला विचारलंच नव्हतं. विचारल्यावर नकार आला असता तर नुसता आजचा दिवस गेला नसता, मागचे सगळे दिवस खोटे ठरले असते. हे सगळं माझ्या मनात आलं, आणि तोंडातून निघालं ते एवढंच की, ‘जातोस की मी जाऊ?’

तो गेला. सदरा कोणी आणून दिला तो अंगात अडकवला आणि समोरच्या कीर्तिच्या दाराशी उभा राहिला. कीर्ति म्हणजे महालिंगांच्या शेजारची पोर, घरूनच कंपनीचं काम करणारी, कानात सदा काहीतरी घातलेलं. तिनं दार उघडलं, आतून मालिकेचा आवाज आला. एकोजीनं हात जोडले. ज्या घरांना त्यानं तीस वर्षं न विचारता गप्प बसवलं, त्यांतल्याच एका घरापुढे हात जोडले. म्हणाला, ‘गोपालकृष्ण गेला, पोरी. थोडं बंद करशील?’

ती आत धावली. आवाज थांबला. अनवाणी बाहेर आली ती डोळ्यांत पाणी घेऊनच. ‘मामा, आम्हाला कळलंच नाही. मी लहान होतें तेव्हा टीव्ही गेला की अम्मा म्हणायची, बाहेर जाऊन बघ, कोण गेलं. आता टीव्ही जातच नाही, मग कळणार कसं?’

खरंच, तसंच होतं की. केबल गेली की दारं उघडायची, माणसं रस्त्यावर यायची, एकमेकांना विचारायची आणि त्या घराकडे चालू लागायची. माझे यजमान पाय आपटत आले होते, पण आले होते. एकोजीला वाटे आपण गल्ली गप्प करतो. तो तिला बोलवत होता, आणि त्याचं त्यालाच ठाऊक नव्हतं.

मग एका बाजूची घरं त्यानं घेतली, दुसऱ्या बाजूची कीर्तिनं. एकाही दारात नकार आला नाही. एका घरातल्या पोरांनी तोंडं वाकडी केली, त्यांच्या आजीनं ती सरळ केली. उन्हं उतरायच्या आत सरोजाच्या ओट्यावर बसायला जागा उरली नाही.

यालाही आता वर्ष झालं. एकोजीनं केबल बंद केली, खांबावरचा डबा भंगारात गेला. त्याची बायको अलमेलू पंदलवर मालिका बघते आणि तोही चोरून बघतो. पण गल्लीत कोणी गेलं की दारोदार जाऊन सांगण्याचं काम त्यानं सोडलं नाही. कीर्ति गेल्या महिन्यात लग्न होऊन नवऱ्याबरोबर बेंगळुरूला गेली, तेव्हापासून दोन्ही बाजू तोच करतो.

परवा माझ्याकडे कापी प्यायला आला होता. बोलता बोलता म्हणाला, ‘अक्का, मी गेलों की कोण सांगत फिरेल? मेसेज टाकतील. उत्तराला चार अंगठे येतील.’

मेल्यावरही तुला गिऱ्हाइकांची काळजी, असं जिभेवर आलं होतं. ते गिळलं आणि म्हटलं, ‘मी फिरेन.’

तो हसला. ‘तुमच्या गुडघ्यांनी?’

‘प्रत्येक ओट्यावर टेकत टेकत जाईन. वेळ लागेल. सगळी घरं होईपर्यंत तुला उचलू देणार नाही, तोवर पडून राहायचं.’

‘बरं,’ एकोजी म्हणाला, आणि त्यानं कापी संपवली.