जागेवरून हलायचं नाही

त्या वर्षी ऑक्टोबरपर्यंत आमचा संघ लागोपाठ तीन मॅच हरला होता. आमचा म्हणजे ॲन आर्बरच्या विद्यापीठाचा, अमेरिकन फुटबॉलचा. मी तिथे पंचवीस वर्षांपूर्वी मास्टर्स केलं. आता शिकागोजवळ राहतो, पाण्याचे पंप बनवणाऱ्या एका कंपनीत डिझाइनचं काम करतो, आणि शनिवारी मॅच असली की त्या दिवशी दुसरं काही ठरवत नाही. हरलो की माझा रविवारही जातो. बायको चहाचा कप समोर ठेवते आणि विचारते, "कोण गेलं रे?"

हे वेड मला कसं लागलं ते सांगायला हवं. मी खानदेशातल्या तालुक्याच्या गावी मराठी शाळेत शिकलो. वडील कापसाच्या जिनिंगमध्ये वजनकाट्यावर होते. आईची शाळा दुसरीत सुटली. घरात पदवी घेणारा मी पहिला. ॲन आर्बरला पोचलो तेव्हा मला इंग्रजी वाचता येत होतं, बोलताना मात्र घाम फुटायचा. पहिल्याच महिन्यात आमच्या डिपार्टमेंटच्या ऑफिसमधल्या बाईंनी एक जादा तिकीट माझ्या हातात ठेवलं. स्टेडियममध्ये लाखभर माणसं उभी राहून ओरडत होती आणि शेजारचा एक म्हातारा मला खेळाचे नियम समजावत होता. आपला संघ पुढे गेला तेव्हा त्याने मला घट्ट मिठी मारली. या देशात आल्यापासून तोवर मला कुणी हातसुद्धा लावला नव्हता. त्या विद्यापीठाने मला जे दिलं त्याबद्दल आभार कुणाचे मानायचे हे मला कधी कळलं नाही. ते सगळे आभार मी त्या संघाकडे वळवले असावेत.

म्हणून मुलीला तिथेच प्रवेश मिळाला तेव्हा मी शिकागोतल्या देशी दुकानांच्या डेव्हन ॲव्हेन्यूवर जाऊन पेढे आणले आणि अख्ख्या ऑफिसला वाटले. काहींनी ते चीज समजून खाल्ले. ती आता दुसऱ्या वर्षाला होती. फोनवर कमी बोलायची. "क्लासेस कसे चाललेत?" "फाइन." "जेवतेस ना?" "हो बाबा." या वयात मुलं अशीच बोलतात असं मी बायकोला सांगत होतो.

आणि मग एका बुधवारी तिचाच फोन आला.

"बाबा, शनिवारी मॅचला येशील? आपण दोघं जाऊ."

तिला फुटबॉल कधीच आवडला नव्हता. लहानपणी मॅच लागली की ती वर आपल्या खोलीत जाऊन बसायची.

"अगं, तीन हरलोय. बघवणार नाही तुला."

"म्हणूनच ये," ती म्हणाली.

मला इतका आनंद झाला की मी पुढे काही विचारलं नाही. बायको फार्मसीत काम करते, तिला शनिवारी सुट्टी नव्हती. मी पहाटे निघालो आणि साडेचार तासांत पोचलो.

स्टेडियमबाहेरच्या गवताच्या पार्किंगमध्ये माझा जुना रूममेट दर वेळी एकाच झाडाजवळ गाडी लावतो. तो नागपूरचा, आता डेट्रॉइटकडे राहतो. गाडीचा मागचा दरवाजा उघडा, त्यात साबुदाणा वडे, ठेचा आणि बिअरचा बर्फाचा डबा. त्याने मुलीला बघितलं आणि ओरडला, "या मॅडम! बापाने शेवटी आणलीच तुला? आज हरलो तर तुझ्यावर येणार बरं का."

"काका, प्लीज," ती हसली. तिने वडा अर्धा खाल्ला आणि उरलेला टिश्यूत गुंडाळून ठेवला.

"डाएट का?" तो म्हणाला. "बघ बे, हिच्या वयाचे असताना आपण सहा-सहा हाणायचो."

ती बारीक झाली होती, हे मी बघितलं होतं. चांगली दिसते, असं मला वाटलं होतं.

मॅच चांगली चालली. नवीन क्वार्टरबॅक, जो पहिल्या मॅचमध्ये शाळकरी पोरासारखा भांबावला होता, तो त्या दिवशी शांतपणे पास देत होता. चारपैकी तिसरा क्वार्टर संपताना आम्ही पुढे होतो, पण थोड्याच गुणांनी. तेव्हा मुलगी माझ्या कानाशी येऊन म्हणाली, "बाबा, मी जरा बाहेर जाऊन येऊ? इट्स टू लाउड."

"आत्ता?" मी म्हणालो. "आत्ता नाही हं. जागेवरून हलायचं नाही."

आमच्या गावी क्रिकेटची मॅच बघताना हा नियम होता. सायकल दुरुस्तीच्या दुकानात टीव्ही होता, तिथे तीस-चाळीस जण जमायचे. जोडी जमली की जो जिथे असेल तो तिथेच. कुणी दारात एक पाय आत एक पाय बाहेर असा उभा असेल तर तसाच राहायचा. तो हलला आणि विकेट पडली तर महिनाभर त्याला ऐकून घ्यावं लागायचं. हसण्यासारखं आहे, पण मी मॅनेजर झालो, अमेरिकेचा नागरिक झालो, तरी ते अंगातून गेलेलं नाही. माझ्या रूममेटच्याही नाही.

"बसून राहा बेटा," तो दोन रांगा मागून ओरडला. "तू उठली की गेली मॅच! मी एकदा बाथरूमला गेलो होतो, ते पाप अजून धुतो आहे."

बसायला अर्थात कुणी बसलंच नव्हतं, सगळे उभे होते. तीही उभी राहिली. तिने माझ्या जॅकेटची बाही दंडाजवळ दोन्ही हातांनी पकडली आणि शेवटची शिटी होईपर्यंत सोडली नाही. तिचा चेहरा लाल झाला होता, तोंड किंचित उघडं होतं, डोळे मैदानाच्याही पलीकडे कुठेतरी लागले होते. मला वाटलं, आली अखेर हिच्या अंगात मॅच. मागून रूममेटने आम्हा दोघांचा फोटो काढला. खेळ सारखा थांबत थांबत पाऊण तास तरी चालला.

आम्ही जिंकलो. शेवटच्या मिनिटाला समोरच्यांचा पास आमच्या संघातल्या एका पोराने हवेतच अडवला आणि सगळं स्टेडियम एका दमात ओरडलं. ओळखीपाळखी नसलेली माणसं एकमेकांच्या गळ्यात पडली. माझ्या पुढच्या रांगेतली आजी आपल्या नवऱ्याचे गाल धरून सारखी म्हणत होती, "आपण परत आलो! परत आलो!" बाहेर पडणाऱ्या गर्दीत बँड वाजत होता, रस्त्यावरच्या गाड्या हॉर्न देत होत्या आणि प्रत्येक हॉर्नला लोक हात उंचावून ओरडत होते. मुलगी माझी बाही धरूनच चालत होती.

झाडाजवळ परत आलो तेव्हा आजूबाजूच्या सगळ्या गाड्यांपाशी हीच चर्चा. उरलेल्या मॅचेस कुणाशी, कुठे, कोण जखमी, किती जिंकलो तर काय. रूममेटने आमचा फोटो जुन्या मराठी विद्यार्थ्यांच्या ग्रुपवर टाकला होता. धडाधड उत्तरं येत होती. "पोरगी काय खूश दिसतेय!" "बापासारखीच वेडी!" "पुढची पिढी तयार!" मी एकेक वाचून दाखवत होतो.

"एका मॅचने हुरळून जाऊ नको," रूममेट म्हणाला. "डिफेन्स पाहिलास का? नशिबाने वाचलो."

"अरे, निकाल सोड. दिशा बघ," मी म्हणालो. "तीन हरल्यानंतर पोरं अशी खेळली. इथून पुढे वरच जाणार."

"तू दर वर्षी हेच म्हणतो लेका."

ऊन उतरल्यावर आम्ही दोघं माझ्या गाडीकडे निघालो. गाडी लांब, एका चर्चच्या मागे लावली होती. तिथे कुणी नव्हतं. मी चावी काढली तेव्हा ती म्हणाली, "बाबा, आता सांगू? जिंकलो ना आपण."

"काय सांगायचंय?"

ती गाडीला टेकून उभी राहिली आणि तिने सांगितलं. सप्टेंबरच्या दुसऱ्या आठवड्यापासून ती वर्गात गेली नव्हती. आधी मोठ्या हॉलमधले तास सुटले, मग लहान वर्गातलेही. दारापर्यंत जायची, छातीत धडधडायचं, श्वास लागायचा, परत यायची. मेसमध्येही जाणं बंद केलं होतं. कौन्सेलरकडे ती स्वतःहून गेली होती, तीन वेळा. तिला सेमिस्टर सोडून घरी यायचं होतं.

मी जे बोललो ते जसंच्या तसं लिहितो, कारण ते मी विसरावं असं मला वाटत नाही. मी म्हणालो, "अगं पण आज बघ ना. आज कशी होतीस! इतक्या लोकांत पूर्ण वेळ उभी राहिलीस, एन्जॉय केलंस. म्हणजे बरं होतंय. आता मध्येच सोडायचं नसतं. एक वाईट सेमिस्टर म्हणजे काय? तीन मॅच हरून आज टीमने..."

"मी टीम नाहीये, बाबा."

मी चावी परत खिशात टाकली.

"एन्जॉय?" ती म्हणाली. "आय कुडन्ट ब्रीद. मी तुला सांगितलं बाहेर जाऊ दे. तू म्हणालास हलू नको."

"मग जायचंस ना! मी काय धरून ठेवलं होतं?"

"मी गेले असते आणि हरलो असतो तर?"

मला वाटलं ती चेष्टा करतेय. तिच्या चेहऱ्यावर चेष्टा नव्हती.

"हरलास की तू कुणाशी बोलत नाहीस," ती म्हणाली. "तीन आठवडे मी वाट बघत होते. दर शनिवारी स्कोअर बघायचे. आज पण हरलो असतो तर मला अजून थांबावं लागलं असतं, आणि मला थांबता येत नव्हतं. म्हणून हलले नाही."

मग तिने असंही सांगितलं की हे ती दुसरी-तिसरीपासून करते. सायकल हवी होती ती जिंकल्यावर मागितली. गणितात कमी मार्क पडले तो पेपर जिंकल्यावर सहीला आणला. व्हायोलिन सोडायचंय हे जिंकल्यावर सांगितलं. "आईला पण माहीत आहे," ती म्हणाली. "शी डज इट टू."

माझे वडील काट्यावरून घरी आले की आम्ही भावंडं त्यांच्या चपलांच्या आवाजावरून ठरवायचो, आज पुढे जायचं की नाही. माझ्या घरात तसं काही नाही अशी माझी खात्री होती. मी कधी हात उगारला नाही, कधी आवाज चढवला नाही. फक्त गप्प बसायचो, आणि तेही एका खेळासाठी.

रात्री हॉटेलातून बायकोला फोन केला. ती रडली नाही. "मला वाटतच होतं," म्हणाली. मी विचारलं, "मग मला का नाही बोललीस?" ती म्हणाली, "तिला घरी घेऊन ये. बाकीचं नंतर बघू."

सोमवारी सकाळी विद्यापीठाच्या ऑफिसात तिची अपॉइंटमेंट होती. मी कामावर रजा टाकली. तिने मला आत यायला सांगितलं, एका अटीवर. "ये, पण बोलू नको." कागदोपत्री ती सज्ञान आहे, माझ्या सहीची कुणालाच गरज नव्हती. समोरचे गृहस्थ सभ्य होते. माझ्या जॅकेटवरचं संघाचं चिन्ह बघून म्हणाले, "शनिवारी होतात का तुम्ही? काय मॅच झाली! आता कुठे आशा वाटायला लागलीय." मी मान हलवली.

मग ती बोलू लागली. कोणत्या दिवसापासून वर्ग सुटला, कोणत्या दारापाशी काय झालं, कौन्सेलर काय म्हणाल्या, सगळं ओळीने, शांतपणे. हे बोलायची तिने तयारी केली होती. इतकं नीट तिने मला काही सांगितल्याचं मला आठवेना. त्या खुर्चीवर बसून मला दोनदा मध्ये बोलावंसं वाटलं. सांगावंसं वाटलं की ही हुशार आहे, बारावीत हिला अमुक मिळालं होतं, हे थोड्या दिवसांचं आहे. तिने माझ्याकडे बघितलं नाही, पण मी जरा पुढे सरकलो की ती बोलणं थांबवायची. मी मागे टेकून बसलो.

फॉर्मवर शेवटी एक प्रश्न होता, परत कधी येणार. त्या गृहस्थांनी सांगितलं की पुढचं सेमिस्टर, पुढचं वर्ष, किंवा अजून माहीत नाही, यांपैकी काहीही निवडता येईल. 'पुढचं सेमिस्टर' हा पहिला पर्याय होता. मी त्याच्याकडेच बघत होतो. अजूनही मला वाटत होतं की तिने तो निवडावा. आमच्या घरात मी सुरू केलेली गोष्ट तिच्याजवळ येऊन तुटू नये असं वाटत होतं, आणि असं वाटतंय याची लाजही वाटत होती.

तिने तिसऱ्या चौकोनात खूण केली. मग पहिल्यांदाच माझ्याकडे वळून बघितलं.

"ठीक आहे," मी म्हणालो. ते मला लगेच म्हणता आलं नाही, आणि किती वेळ लागला ते तिने बघितलं.