नऊशे अठ्ठ्याण्णव आणि दोन

संध्याकाळी पाचला ‘आवर्तन’ या शब्दाची एंट्री लॉक होणार होती, आणि आमच्या कोशात तिचा अर्थ चुकीचा जाणार होता.

मी जयनगरच्या एका ऑफिसात मराठी-कन्नड कोशाचं काम करते. आमचे संपादक देसाई सर. त्यांनी अर्थ लिहिला होता : ‘मंडळींनी मिळून तेच स्तोत्र पुन्हा पुन्हा म्हणणे.’ मला ते पटेना. मूळ संस्कृत धातू ‘वृत्’, म्हणजे फिरणं. आधी ‘आ’ लागला की फिरून परत येणं. म्हणजे आवर्तन हा आरंभापासून शेवटापर्यंतचा एक पूर्ण फेरा. तोही ज्याचा त्याचा वेगळा.

“चाळीस जणांनी एका सुरात एकदा म्हटलं, तर एकच झालं ना?” सरांनी विचारलं.

“चाळीस झाली, सर.”

“व्युत्पत्ती नको. दाखला आणा.”

दाखला म्हणजे शब्द रोज वापरणाऱ्याचं लेखी वाक्य. आमच्या कार्डांत एकही नव्हता. तो कुठे असेल हे मला ठाऊक होतं, म्हणूनच दुपारपर्यंत मी टाळत बसले. जे. पी. नगरच्या अथर्वशीर्ष मंडळाची वही माझे आप्पा लिहायचे. ते जाऊन दोन महिने झाले होते. तेव्हापासून मी त्या हॉलची पायरी चढले नव्हते.

शेवटी रिक्षा केली. मंडळ आता यमुनाक्का सांभाळतात. वही पुढे ठेवून एवढंच म्हणाल्या, “स्वल्प बस. मग वाच.”

सहस्रावर्तनाचं पान निघालं. आप्पांचं ठसठशीत अक्षर : ‘माणसं चाळीस, प्रत्येकी पंचवीस. दोघे शेवटचं अर्धवट टाकून उठले, ती दोन आवर्तनं धरली नाहीत. झाली नऊशे अठ्ठ्याण्णव. उरलेली दोन मागे थांबून मी म्हटली.’

त्या दिवशी जेवायला उशीर केला म्हणून मी त्यांच्यावर चिडले होते.

पावणेपाचला पानाचा फोटो सरांपुढे ठेवला. त्यांनी दोनदा वाचला. मग स्वतःची ओळ स्वतःच खोडली.

“कोणी लिहिलंय?”

“वडिलांनी.”

“काटेकोर माणूस. दाखला जसाच्या तसा घ्या. एक अक्षर बदलू नका.”

कोशात आता ‘स्तोत्राचा एका व्यक्तीने पुरा केलेला एक फेरा’ असा अर्थ आहे. खाली आप्पांची वाक्यं आहेत, दोन आवर्तनांसकट.

शब्द अडला की तो मोजणाऱ्याकडे जावं. आणि दुपारपर्यंत थांबू नये.