प्लमची नवी जात

प्लमची नवी जात मी एका शुक्रवारी शोधून काढली आणि शनिवारी दुपारी ती बुडाली.

मिल्टनला आम्ही घर घेतलं तेव्हापासून मागच्या अंगणात इथल्या रानटी प्लमचं एक झाड आहे. दरवर्षी फुलायचं भरभरून, पण फळाच्या नावानं शून्य! शेवटी बायकोनं, मेधानं, निकाल दिला. "यंदा फळ धरलं नाही, तर झाड जाणार आणि तिथे बसायला लाकडी डेक होणार."

आणि यंदा फळ धरलं! साधंसुधं नाही, चांगलं वांग्याएवढं लांबट, फुगीर, फिकट हिरवं. मी एक कापून पाहिलं. आत बी नाही!

"सीडलेस!" मी अंगणातूनच ओरडलो. (शेजारच्यांचा कुत्रा घरात पळाला.)

आमची इरा बाहेर आली, फळ न्याहाळून म्हणाली, "डॅड, इट लुक्स सिक."

हल्लीची मुलं झकास गोष्टीला 'सिक' म्हणतात, म्हणून मी तिला थँक यू म्हटलं.

मग काय विचारता! मार्कहॅमच्या जोशी पतिपत्नींना फोन केला. लंडनहून (विलायतेतलं नव्हे, इथलंच, गाडीनं दीड तासावरचं) मेधाच्या शांतामावशीला बोलावलं. मावशी तिथल्या विद्यापीठात वनस्पतिशास्त्र शिकवून रिटायर झालेल्या. लग्न झाल्यापासून त्या माझी ओळख 'आमचा कॉम्प्युटरवाला' अशी करून देत. आता बघाच म्हटलं!

"नाव ठरवलंय," मी मेधाला सांगितलं. "मेधा सीडलेस!"

"त्या फुगलेल्या तोंडल्याला माझं नाव? खबरदार!"

शनिवारी सगळे झाडाखाली जमले. मी छोटंसं भाषण केलं. (छोटंसं हे माझं मत.) भाषण संपेपर्यंत जोशींनी भिडेखातर एक फळ चावलंसुद्धा.

"कसं लागतंय?"

"वेगळं आहे," जोशी कसेबसे म्हणाले. "म्हणजे... ओला स्पंज खाल्ल्यासारखं."

तेवढ्यात मावशींनी चष्मा लावला. एक फळ तोडून दाबलं. फस्स! आतून नुसती हवा, आणि सालीवरची पांढुरकी भुकटी त्यांच्या बोटांना लागली.

"जोशी, थुंका ते. काही होणार नाही, पण थुंका," मावशी शांतपणे म्हणाल्या. "अरे, ही बुरशी आहे. कोवळ्या फळात शिरते आणि त्याची अशी पोकळ पिशवी करते. बी धरूच देत नाही."

"म्हणजे नवी जात...?"

"जात आहे ना. पण बुरशीची आणि खूप जुनी!"

मेधानं डेकवाल्याला फोन लावायला मोबाइल काढला. माझा चेहरा त्या फळासारखाच झाला असणार. पण मावशी हसल्या नाहीत. "शिडी आण," एवढंच म्हणाल्या. सत्तरी केव्हाच ओलांडलेली बाई सरसर वर चढली! एकेक पिशवी तोडून खाली टाकत त्यांनी सगळं समजावलं. भुकटी पसरायच्या आत ही फळं काढायची. पुढच्या वर्षी कळ्या फुटायच्या आधी औषध फवारायचं.

"आणि मेधा, झाड तोडायचं नाही हं. ह्या रोगानं ते मरत नाही. तुमच्याही आधीपासून इथले विंटर काढतंय ते, तेही जॅकेटशिवाय!"

मेधानं निमूटपणे मोबाइल खिशात टाकला. त्या बाईपुढे आमच्या घरात कुणाची टाप नाही. मी तर शिडी धरून नुसता बघत राहिलो. एवढी विद्या, आणि मला खिजवण्याची आयती संधी हातची घालवली!

निघताना त्यांनी मोठी पिशवी भरून रोगट फळं गाडीत ठेवली.

"हे कशाला, मावशी?"

"आमच्या डिपार्टमेंटला दाखवायला. इतका उत्तम नमुना मला नोकरीभर मिळाला नाही. शाब्बास!"

त्या शाब्बासकीनं मी आठवडाभर हवेत होतो. कारण त्या विद्यापीठात मी स्वतः दोनदा अप्लाय केलं होतं. मला घेतलं नाही, पण माझी बुरशी एका फटक्यात आत गेली!