मुशीच्या तेलाचा वास

अप्पा लेल्यांची आणि माझी पहिली ओळख नाकाने झाली. वाशीच्या नव्या सोसायटीत आम्ही राहायला आलो त्या दिवशी टेम्पोतून सामान उतरत होतं आणि आवारात असा काही वास भरला होता, की मला वाटलं गटारच फुटलं. शोधत गेलो, तर एका जुनाट करड्या गाडीखालून दोन पाय बाहेर आलेले. पायांचे मालक सरपटत बाहेर आले. कोपरापर्यंत पिवळट, चिकट तेल आणि गळ्यातलं जानवंही त्याच तेलाने माखलेलं. "मी लेले, तुमच्या समोरचाच ब्लॉक. हात पुढे करत नाही, नाहीतर तुम्हाला आज जेवण जायचं नाही." त्यांनी हात पुढे केला नाही, तरी मला जेवण गेलं नाहीच.

ते मुशीच्या कलेजीचं तेल होतं. मुशी हा मासा आम्हाला नवा नाही. आम्ही सबनीस मंडळी मासे खातच लहानाची मोठी झालो. वाळत घातलेल्या बोंबलांशेजारी बसून मी खुशाल चहा पिईन. पण हे तेल कलेजी उन्हात कुजवून काढलेलं, होड्यांच्या लाकडाला चोळायचं. तळमजल्यावर आमच्या खिडकीसमोरच गाडी उभी असे. दुधाला तो वास, धुतलेल्या चादरींना तो वास, बायको केस विंचरायला बसली की केसांनाही तोच. सगळ्या सेक्टरातली मांजरं गाडीखाली मुक्कामाला. फरशीवर ठिबकलेल्या थेंबांवर माश्या अशा बसत, की पाय कुठे ठेवावा कळू नये. आणि हे सगळं करणारा माणूस घरात अंडंसुद्धा येऊ न देणारा!

मी एकदा चिडून विचारलं, "अप्पा, हा छळ कशासाठी?"

"सबनीस, ही गाडी नाही. हिचे पाय आहेत," ते म्हणाले.

'ही' म्हणजे मालतीकाकू. संधिवाताने त्यांचे गुडघे इतके धरले होते, की बसची पायरीसुद्धा चढता येत नसे. गिरगावात तिसऱ्या मजल्यावर त्या अडकून पडल्या होत्या. तिथे तळमजल्याची जागा परवडेना, म्हणून अप्पांनी त्यांना खाडीपलीकडे इथे आणलं. काकूंना यायचं नव्हतं. त्यांची एकुलती एक बहीण दादरला अंथरुणाला खिळलेली. शेवटी अप्पांनी शब्द दिला, दर रविवारी तुला पूल ओलांडून दादरला नेईन. परदेशी निघालेल्या आपल्या पारशी साहेबाची जुनी गाडी त्यांनी त्याच शब्दापायी घेतली होती.

आणि ती गाडी वाशीची हवा खात सुटली. खरं म्हणजे हवाच तिला खात सुटली. एका बाजूला खाडी, दुसऱ्या बाजूला मिठागरं. पावसाळ्यापेक्षा अप्पांना धास्ती हिवाळ्याची. "पाऊस निदान धुऊन तरी जातो हो," ते म्हणत, "हे थंडीतलं दव मीठ घेऊन पत्र्यावर बसतं आणि चाटत राहतं." म्हणून पहिल्या हिवाळ्यात, आम्ही इथे यायच्याही आधी, ते रोज सकाळी गाडी धुवायचे. नळाचं पाणी गाडीला वापरायचं नाही असा सोसायटीचा नियम. अप्पा नियमाचे पक्के. ते आवारातल्या विहिरीतून बादल्या ओढत. पत्र्याला फोड आले, फोडांच्या खपल्या झाल्या, बोट लावलं की लाल भुगा. अप्पा आणखी दोन बादल्या ओढत. एक दिवस काचेवर पांढरी साय दिसली म्हणून त्यांनी बोटाने चाटून पाहिली. विहीर खारी होती. खाऱ्या वाऱ्यापासून वाचवायला ते गाडीला सबंध हिवाळा खाऱ्या पाण्याने आंघोळ घालत होते!

त्यानंतर दिवाळे गावात खाडीकाठी कोळ्यांना होड्यांवर तेल चोळताना त्यांनी पाहिलं, आणि सोसायटीचे भोग सुरू झाले. आमच्याकडे मासळी घेऊन येणारी हिराबाय तेलाचा डबा आणून द्यायची, तोही पाटीपासून लांब धरून. "मी कोलीन हाय, पन यो वास मनापन नाय सोसत," ती नाकाला पदर लावून सांगे.

तेल लावण्याच्या दिवशी काकू अप्पांना घरात घेत नसत. दाराबाहेर गरम पाण्याची बादली, डाळीचं पीठ आणि पिळलेल्या लिंबांच्या साली मांडून ठेवत. भिंतीला टेकून, तोंड फिरवून त्या तांब्याने त्यांच्या हातांवर वरून पाणी घालत. "चोळा नीट. नखांत राहिलंय. शी! कुठून लग्न केलं या माणसाशी!" अप्पा हसत हात चोळत. मी आमच्या दाराच्या फटीतून हे बघायचो आणि मला शिसारी यायची, पण मी बघायचो.

शेवटी सोसायटीची मीटिंग बोलावली गेली. सेक्रेटरी देसाई म्हणाले, "लेले, साधी गोष्ट आहे, तेल बंद करा नायतर गाडी काढा. सगळ्यांना टेन्शन झालंय." अप्पा मान खाली घालून बसले होते. काठी टेकत काकू उठल्या. "वास मला येत नाही का? तुम्ही खिडकी लावून घेता, मी कुठे जाऊ? मला तर त्याच गाडीत बसायचं असतं. नाकाला रुमाल बांधून बसते. पण रविवारी बहीण दाराकडे डोळे लावून असते." तेल फाटकाबाहेरच्या रिकाम्या प्लॉटवर लावायचं, असं ठरलं. वास काय, वारा आला की फाटक ओलांडून यायचाच. पण दर रविवारी गाडी निघायची, पुढच्या सीटवर नाकाला रुमाल बांधलेल्या काकू. अशी कितीतरी वर्षं गेली.

मग एका दिवाळीच्या आधी काकू गेल्या. दादरची बहीण अजून होती. अप्पा तिला भेटायला बसने जाऊ लागले.

त्या थंडीत तेल लागलं नाही. वास गेला, मांजरं गेली. देसाई मला फाटकात म्हणाले, "आता कसं मोकळं वाटतं ना?" मला त्या माणसाची अशी किळस आली, की तेलाचीही कधी आली नव्हती. मी गाडीजवळ गेलो. काकू बसायच्या त्या दाराखाली बोट दाबलं, ते सरळ आत गेलं. लाल ओला भुगा बोटाला लागला.

पुढच्या शनिवारी मी हिराबायकडून डबा मागवला. बायकोने मला वेड्यात काढलं. जुना लेंगा चढवून, श्वास रोखून मी गाडीखाली शिरलो. नाकात, तोंडात, डोळ्यांत तो वास. एक बाजू कशीबशी चोळली तोच अप्पांचे पाय दिसले.

"सबनीस, बाहेर या."

मी आलो. हात कोपरापर्यंत बरबटलेले.

"वहिनींनी बाहेर बादली ठेवली आहे का?"

"नाही."

"मग कशाला हात घातलात? हा वास एकट्याने निघत नाही हो. हातावर पाणी घालायला कुणीतरी लागतं."

ते आत गेले. बऱ्याच वेळाने गरम पाण्याची बादली घेऊन आले. डाळीचं पीठ होतं, लिंबाच्या सालीही होत्या. भिंतीला टेकून, तोंड फिरवून ते माझ्या हातांवर तांब्याने पाणी घालू लागले. "चोळा नीट," ते म्हणाले, "नखांत राहिलंय."

पुढचं त्यांना म्हणता आलं नाही. बादली संपली, माझे हात केव्हाच धुऊन झाले होते, आणि अप्पा रिकामा तांब्या तसाच कलता धरून उभे होते.