तळाचं नाव

श्रीरामपुरात सकाळी मैदानावर फिरताना एक बँकेतला कॅशियर रोज भेटतो. फावल्या वेळात तो मोबाईलची ॲप बनवतो. बोलताना "बघा मॅडम" म्हणत मनगटावरचं घड्याळ चाचपायची त्याला सवय आहे. आम्हा फिरणाऱ्यांसाठी त्याने एक ॲप केलं. कोण किती चाललं ते त्यात क्रमाने दिसायचं. सगळे चढाओढीने चालायला लागले, तसा तो खूश झाला.

एके दिवशी आमच्यातले म्हातारे शिंपी चाचा गुडघा धरून बाकावर बसलेले दिसले.

"दुखतंय तर कशाला एवढं चालता, चाचा?" कॅशियरने विचारलं.

"काय करू? रोज माझंच नाव तळाला येतं. घरात नातवंडं हसत्यात."

दुसऱ्या दिवशी ॲपमधली क्रमवारी गायब होती. "मजाच घालवली राव," म्हणत बऱ्याच जणांनी ॲप काढून टाकलं. लोक गेल्याचं वाईट वाटत नाही का, असं मी विचारलं, तेव्हा तो म्हणाला, "वाईट वाटतं की. पण मला माणसं चालती करायची होती, मॅडम. पळवायची नव्हती."

चाचा आता एकच फेरी मारतात. पण रोज येतात.