वाघदेवापाशी सापडलेली पेटी

ती दुपार माझ्या मनातून अजून गेलेली नाही. पोलीस उपनिरीक्षक म्हणून मी काही वर्षे नोकरी केली आणि प्रकृतीच्या कारणाने लवकर निवृत्त झाले. सुरगाण्याच्या डोंगरात एक छोटं विमान पडलं, ती हकीगत त्या नोकरीतली.

साडेबाराच्या सुमारास नियंत्रण कक्षाचा फोन आला. परदेशात विकत घेतलेलं एका इंजिनाचं विमान नव्या मालकाकडे पोहोचवायला एकटा वैमानिक निघाला होता. मजल दरमजल करत तो गुजरातेत उतरला, इंधन भरून पुन्हा निघाला आणि आमच्या हद्दीजवळ त्याचा संपर्क तुटला. मात्र विमानातली संकटाचा संदेश देणारी पेटी सुरू होती, त्यावरून जागा कळली. लांबच्या पल्ल्यासाठी मागच्या सीट काढून तिथे पेट्रोलची जादा टाकी बसवली आहे, तेव्हा जवळपास कुणाला बिडीही पेटवू देऊ नका, अशी ताकीद मिळाली. डायरीत नोंद करून मी निघाले. सोबत एक जुने हवालदार, दोन शिपाई आणि वाटेत घेतलेला वनरक्षक.

दिलेल्या जागी पोहोचलो तर विमान नाहीच. एका आदिवासी पाड्याच्या शिवेवर वाघाचं चित्र कोरलेला वाघदेवाचा दगड होता आणि त्याच्यासमोर पळसाच्या पानावर ती नारिंगी पेटी. दिवा लुकलुकत होता. आसपास एक फांदीसुद्धा मोडलेली नव्हती. पोलीस पाटलांनी सांगितलं की रानात कुणाची वस्तू सापडली तर इथली माणसं ती घरात नेत नाहीत, देवापुढे ठेवतात. ज्याची असेल तो येऊन नेतो.

म्हणजे पेटी कुणीतरी उचलून आणली होती. कुठून, एवढंच हवं होतं.

हवालदारांनी सवयीप्रमाणे आवाज चढवला. कुणी उचलली ते सांगा, नाहीतर सगळ्यांना ठाण्यात नेऊन बसवतो. धडधाकट माणसं द्राक्षबागांवर कामाला गेलेली. समोर बायका आणि म्हातारी माणसं. एक आजोबा शांतपणे म्हणाले, "न्या की. जेवाया घालाल ना?" कुणी हसलं नाही. त्यानंतर कुणी बोललंही नाही. अर्धा तास गेला. मी सारखी घड्याळ पाहत होते.

मला मोठ्याने बोलून चौकशी करणं कधी जमलं नाही. मी घराघरांपुढून चालत निघाले. शेवटच्या घराच्या अंगणात नुकतीच टाकलेली मोळी होती. तिच्याजवळून जाताना पेट्रोलचा वास आला. आत पन्नाशीची एक बाई चुलीशी बसली होती. त्याच मोळीतली लाकडं चुलीत रचलेली आणि हातात काडेपेटी. मी झटकन तिचा हात धरला.

तिला प्रश्न विचारला की ती माझ्याकडे न पाहता दाराकडे बघे. तिसऱ्यांदा मीही वळून पाहिलं. दारात वनरक्षक उभा होता. त्याला जीपपाशी थांबायला सांगितलं आणि तिच्याजवळ खाली बसले.

"मावशी, लाकूड कुठलं ते मी लिहिणार नाही. विमानात एक माणूस आहे. जिवंत असेल तर लवकर पोचायला हवं."

"खरं नाय लिवनार?"

"नाही."

"मागल्या साली माजा कोयता नेला त्यांनी, पोराला दोन दिस बसवून ठेवला." तिने काडेपेटी खाली ठेवली. "तोडाया बंदी हाय त्या रानात व्हते मी. लय मोटा आवाज झाला, वरनं शिंतोडे पडले, मंग ती पेटी पुढ्यात. मानूस नाय पायला, बाई. पायला असता तर सोडून आले असते का?"

पुढे तीच वाट दाखवत चालली, आम्ही धापा टाकत मागे. पाऊण तासाने झाडात अडकलेला पंख दिसला आणि पलीकडच्या घळीत विमान. वैमानिकाचे पाय विमानाच्या पुढच्या भागाखाली चेपले होते, पण तो शुद्धीवर होता. खाली कुणाला लागलं का, हे त्याने मला इंग्रजीत विचारलं. कुणालाही नाही, असं मी सांगितलं. बांबू आणि घोंगडीच्या डोलीतून त्याला उतरवलं. तो वाचला.

घटनास्थळाच्या पंचनाम्यात आजूबाजूचं सगळं लिहावं लागतं. वनरक्षक नुकत्याच तोडलेल्या झाडांच्या बुंध्यांपाशी उभा होता. ही झाडं विमानाच्या धडकेने मोडली, असं मी सांगितलं.

"मॅडम," तो म्हणाला, "विमानाकडे कोयता होता का?"

हवालदार लिहिता लिहिता थांबले. "पुढं एवढा मोठा पंखा असतो. तो काय वारा घालायला लावतात?"

वनरक्षकाने दूर बसलेल्या त्या बाईकडे पाहिलं. मग पंच म्हणून सही केली.

त्या पंचनाम्यात एक ओळ खोटी आहे आणि ती मी जाणूनबुजून घातली. पोलिसांपुढे गप्प राहणारा माणूस आपलाच गुन्हा लपवतोय, असं आम्हाला शिकवलेलं असतं. पुष्कळदा तो फक्त आपली चूल सांभाळत असतो. आम्ही आधी 'कुणी' विचारलं. 'कुठून' विचारायला हवं होतं. पेट्रोलचा वास फार वेळ टिकत नाही. हवालदार आणखी तासभर ओरडत राहिले असते, तर मी त्या मोळीजवळून तशीच पुढे गेले असते.